यादी कोणाकडे आहे?

शिराळ्यात ई-मेल कुणी वाचत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. प्रत्येकाच्या फोनात जीमेल असतं, कारण त्याशिवाय नवा फोन पुढेच सरकत नाही. पण मोबाईलच्या दुकानदाराने काढून दिलेला तो पत्ता काय नि पासवर्ड काय, हे फोनच्या मालकाला ठाऊक नसतं. तरीही गेली काही वर्षं मी दर पंधरवड्याला ई-मेलने एक मराठी पत्र पाठवतो. धंद्याने मी फोटोग्राफर. लग्नं, साखरपुडे, बारशी, वास्तुशांती, आणि उरलेल्या वेळात वारणा-मोरणा खोऱ्यातले व्हिडिओ. व्हिडिओमुळे लोक ओळखतात, पोट लग्नांवर चालतं. त्या पत्राबद्दल मात्र गावात फारसं कुणाला माहीत नाही. व्हिडिओ करणारी नवी पोरं भेटली की हमखास विचारतात, "दादा, ह्या जमान्यात ई-मेल? कोण वाचतंय?"

वाचणारे गावाबाहेर आहेत. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत दिवाळीला आणि जत्रेला जी माणसं दिसतात, त्यातली बरीचशी एरवी मुंबई, नवी मुंबई, पुणे इकडे असतात. आधीची पिढी गिरण्यांत आणि माथाडी कामाला गेली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर काहीजण गावी परतले. बहुतेकांची पोरं तिकडेच शिकली, नोकरीला लागली. ही पोरं ऑफिसात बसतात आणि त्यांचा दिवस ई-मेल उघडून सुरू होतो. माझं पत्र त्यांच्यासाठी आहे. पण हे उमगायला मधली बरीच वर्षं गेली, आणि ती वर्षं नागांची होती.

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना ऐकून माहीत असते. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला गोरक्षनाथांनी जिवंत नाग पुजायला दिला अशी आख्यायिका, आणि तेव्हापासून ती प्रथा. पंचमीच्या आधी मंडळांची पोरं काठ्या नि मडकी घेऊन रानात जायची, बांधाबांधाने नाग शोधायची. सणाच्या दिवशी मडकी अंबामातेच्या देवळात, नंतर मिरवणूक. परदेशी वाहिन्यांचे कॅमेरेसुद्धा यायचे. त्या गर्दीत आम्हा स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे. सण संपला की मुंबईकर स्टुडिओत येऊन आधी कॅसेटची, पुढे सीडीची ऑर्डर द्यायचे. थांबायला वेळ नसेल तो पत्ता लिहून जायचा. त्यासाठी एक दोनशे पानी वही होती. नाव, मूळ गाव, चाळ नाहीतर सोसायटी. लालबाग, घाटकोपर, कोपरखैरणे. पार्सल पोस्टाने जायचं, नाहीतर मुंबईच्या एसटीत ड्रायव्हरच्या हाती. वहीतली माणसं मला माहीत होती. कुणाच्या घरी यंदा कार्य आहे, कुणाचा भाऊ वारला, हे सीडीची ऑर्डर घेताना कळायचं, आणि त्यातूनच लग्नाची कामं मिळायची. धंदा म्हणून पाहिलं तर ती वही कॅमेऱ्याइतकीच मोलाची होती. तेव्हा हे असं सुचलं नव्हतं एवढंच.

मग दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्यावरून न्यायालयात गेलेल्या वादात 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नाग पकडणं, पुजणं, मिरवणं थांबलं. आणि 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं. सीडी कुणी घेईना. जो तो फोनवर फुकट बघू लागला. आम्हीही जुन्या टेपा उकरून इंटरनेटवर चढवल्या. आता नवीन नाग दिसणार नव्हते म्हणूनच की काय, जुने नाग बघायला झुंबड उडाली. लाखांत व्ह्यूज. कुठले कुठले लोक! बिहारचे, बांगलादेशातले, इंडोनेशियातले. खाली फणा काढलेल्या नागाच्या इमोजींची रांग.

त्याच काळात मी एक व्हिडिओ मनापासून केला होता. आमच्याकडे भाताची धूळवाफ पेरणी होते. पाऊस पडायच्या आधी, रोहिणी नक्षत्राच्या सुमाराला, कोरड्या धुळीत कुरीने भात पेरून ठेवतात आणि मग ढगांकडे बघत बसतात. ओल नसताना बी टाकायचा हा जुगार बाहेरच्या माणसाला खरा वाटत नाही. पहाटेपासून रानात थांबून मी तो सगळा टिपला. कुरीमागे पोटाला ओटी बांधून बी सोडणाऱ्या बायकांच्या हाताची लय, बैलांना दिलेली हाळी, बांधावरची न्याहारी. त्याला जेमतेम काहीशे लोकांनी पाहिलं, आणि त्यातल्या निम्म्यांनी पहिल्या काही सेकंदांत सोडून दिलं. आकड्यांच्या तक्त्यात हे सगळं दिसतं. तक्ता सांगत होता, नाग टाक. मीही टाकत होतो. एकच मिरवणूक वेगवेगळ्या ठिकाणी कापून, वेगवेगळी गाणी लावून.

एका श्रावणात, ऐन हंगामाच्या तोंडावर, ज्या प्लॅटफॉर्मवर माझं सगळं होतं तिथून इंग्रजीत निरोप आला. प्राण्यांना इजा होईल असा मजकूर. व्हिडिओ काढून टाकले, पानाला काही आठवडे टाळं. अपील करायला एक खिडकी होती. खिडकीमागे माणूस नव्हता. त्यांचा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, मडक्यात कोंबलेल्या नागाची दशा मी कॅमेऱ्यामागून जवळून पाहिलेली आहे. पण टाळं लागलं त्या दिवशी मला हे जाणवलं की माझ्या पानाला जोडलेल्या हजारो माणसांपैकी एकालाही मी कळवू शकत नाही. पान उघडं असतानाही ती माणसं माझी नव्हतीच, मला त्यांची नावंसुद्धा धड माहीत नव्हती. कुणी 'शेतकरी किंग', कुणी 'लव्हर बॉय', आणि चेहऱ्याच्या जागी वाघाचा फोटो.

पुढे 29 जून 2020 आला. सरकारने टिकटॉकसह 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्या बंदीची कारणं सीमेवरची होती, त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण खेड्यापाड्यातली किती पोरं-पोरी त्या एका अ‍ॅपवर उभी होती, हे शहरी वर्तमानपत्रांना तेव्हाच कळलं. आमच्याच भागातला एक पोरगा उसाच्या फडात डान्स करायचा. भुईवर झोपणारं घर, पण जत्रेत त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लागायची. एका रात्रीत सगळं गेलं. तो माझ्याकडे आला ते फॉलोअर परत कसे आणायचे हे विचारायला. "दादा, लोकं तर हायतच की कुठंतरी. त्येंना सांगायचं कसं, मी हितं हाय म्हणून?" त्याला उत्तर देण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं.

मला खरा धक्का मात्र याहून साध्या प्रसंगात बसला. कोकरूडकडच्या एका लग्नात पुण्याहून आलेल्या एक ताई भेटल्या. म्हणाल्या, "तुमचे व्हिडिओ फार छान असायचे हो. का बंद केलेत?" मी बंद केलेच नव्हते, आठवड्याला दोन टाकत होतो. त्यांचा फोन घेऊन पाहिलं. पानाला त्या जोडलेल्या होत्या, सगळं जागच्या जागी होतं. फक्त त्यांना दाखवलं जात नव्हतं. आता हे कुणालाही माहीत आहे, की पानाला जोडलेल्या सगळ्यांना पोस्ट जात नाही; आधी थोड्यांना दाखवतात, ते थबकले तर आणखी थोड्यांना, आणि पैसे भरले तर त्याहून जास्त. पण आपलं माणूस समोर उभं राहून "का बंद केलंत" असं विचारतं, तेव्हा ते वेगळं लागतं. त्या ताईंचा ई-मेल पत्ता मी तिथेच लग्नपत्रिकेच्या मागे लिहून घेतला. यादीतलं पहिलं नाव त्यांचं.

ई-मेलचं तंत्र जुनं आहे आणि त्याचं जुनेपण हीच त्याची ताकद आहे. 1971 साली रे टॉमलिन्सनने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला, आणि पुढे त्यासाठी जे नियम ठरले ते कुठल्याही कंपनीच्या मालकीचे नाहीत. त्यामुळे जीमेलवाला याहूवाल्याला लिहू शकतो, कंपनीच्या पत्त्यावरून घरच्या पत्त्यावर पत्र जातं. एका व्हिडिओ अ‍ॅपवरचा फॉलोअर दुसऱ्या अ‍ॅपवर नेता येत नाही; पत्त्यांची यादी मात्र एका साध्या फाईलमध्ये मावते आणि कुठेही नेता येते. हे नुसतं पुस्तकी नाही. गूगलची फीडबर्नर नावाची सेवा होती. मराठीत इंटरनेटवर लिहिणारे अनेक जण तिच्यामार्फत वाचकांना नवं लिखाण ई-मेलने पाठवायचे. 2021 च्या जुलैत तिची ई-मेलची सोय बंद झाली. पण पत्ते उतरवून घ्यायची मुभा होती. ज्यांनी फाईल उतरवून घेतली, त्यांचे वाचक टिकले. पुढे मी वापरत होतो त्या सेवेनेही फुकटची मर्यादा एकदम खाली आणली. मी एका दुपारी सगळी यादी दुसरीकडे हलवली. पुढचं पत्र ठरल्या दिवशी गेलं, आणि सेवा बदलल्याचं एकाही वाचकाच्या लक्षात आलं नाही.

यादी जमवणं हे मात्र अस्सल मोलमजुरीचं काम. व्हिडिओखाली लिंक टाकून फार थोडे येतात. माझे बहुतेक पत्ते लग्नातून आले. अल्बम द्यायच्या वेळी मी विचारतो, "फोटो ई-मेलने पाठवू का? आणि पंधरा दिवसांनी गावचं पत्र येतं, ते चालेल का?" दोन्ही वेगवेगळं विचारायचं, हे मी पहिल्यापासून पाळलं. मुंबईतल्या मंडळांच्या स्नेहसंमेलनात क्यूआर कोडचा बोर्ड घेऊन उभा राहिलो. फोनवर पत्ता लिहून घेणं हा तर स्वतंत्र विनोदी कार्यक्रम. "पाटील, मग टिंब, मग एकशे पंचवीस." टिंब म्हणजे डॉट, एकशे पंचवीस म्हणजे रस्त्याचा नंबर नव्हे. कुणी 'कॉम'च्या जागी 'कॉन' लिहितं, पत्र परत येतं. आजोबा नातवाचा पत्ता देतात, आणि मग नातू मला लिहितो की हे पत्र मी दर रविवारी आजोबांना वाचून दाखवतो, जरा अक्षर मोठं करा.

पहिली पत्रं मी व्हिडिओचीच जाहिरात म्हणून पाठवली होती. नवीन काय टाकलं, इथे दाबा, तिथे दाबा. ती जीमेलच्या 'प्रमोशन्स' कप्प्यात जाऊन पडायची. 2013 पासून जीमेलने हे कप्पे केले आहेत, आणि विक्रीचा वास आला की पत्र त्यात जातं. कुणीतरी युक्ती सांगितली, की वाचकाने एकदा उत्तर पाठवलं तर आपलं पत्र घरच्या पत्रांत धरलं जातं. म्हणून नवीन वाचकाला जाणाऱ्या पहिल्या पत्रात मी एकच ओळ घातली: "तुमचं मूळ गाव कुठलं आणि शेवटचे गावी कधी गेला होता, एवढं उलटटपाली कळवा." युक्ती म्हणूनच घातली होती.

उत्तरं आली. एका ओळीची मागितली होती, पानापानाची आली.

केरळातून एकाने लिहिलं, मी तर शिराळ्याचा नव्हेच, खानापूर तालुक्यातला, सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात. पण तुमच्या पत्रात भांगलणीला गेलेल्या बायकांचं बोलणं वाचून दुकानात बसल्या बसल्या डोळे भरून आले. आमच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडची ही गलाईवाली माणसं देशभर पसरलेली आहेत, त्यांची मुलं मल्याळम, तमिळ शाळांत शिकतात, आणि मराठी वाचायला घरात देवाच्या पोथीपलीकडे फारसं नसतं. माझ्या यादीत ती येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. व्हिडिओ चालवणाऱ्या यंत्राने त्यांना कधीच माझ्याकडे आणलं नसतं, कारण त्या यंत्राच्या लेखी ती केरळातली माणसं.

दुसरं पत्र चांदोलीच्या जंगलातून उठवलेल्या एका गावच्या माणसाचं. वारणेवर चांदोलीचं धरण झालं, 1985 साली अभयारण्य, 2004 साली राष्ट्रीय उद्यान, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. या सगळ्यात धरणाच्या आणि जंगलाच्या पोटातली गावं उठली आणि माणसं खालच्या अंगाला वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली. या गृहस्थांनी लिहिलं, "शेवटचे गावी कधी गेलात असं विचारता. आमच्या गावाला जायला वनखात्याचा परवाना लागतो." आणि खाली आठवणीने घरांची रांग लिहिली होती. देवळापासून सुरुवात, डाव्या हाताला कुणाचं, मग कुणाचं, मग पाणंद. त्यांच्या परवानगीने मी ती रांग पुढच्या पत्रात छापली, माणसांची नावं गाळून, फक्त घराण्यांची ठेवून. पुढचे दोन महिने त्या रांगेची दुरुस्ती चालली होती! एकाने लिहिलं, पाणंदीनंतर आधी सुताराचा मेट होता. दुसऱ्याने, मेट नव्हे, तो पुढे, आधी चिंच. ठाण्याच्या एका बाईंनी आईला विचारून विहिरीच्या पायऱ्यांची बाजू कळवली. एका वसाहतीतल्या माणसाचा पत्ता दुसऱ्या वसाहतीतल्याला माझ्यामार्फत मिळाला, दोघांना विचारून. आता ती मंडळी वर्षातून एकदा एकत्र जेवतात. मला बोलावतात, फोटोचे पैसे देऊ करतात, मी ते घेत नाही, पण जेवण दाबून घेतो.

व्हिडिओखाली 'खूप छान दादा' आणि हात जोडलेली चित्रं मी वर्षानुवर्षं पाहत होतो. त्यातून असा नकाशा कधी तयार झाला नाही. कारण तिथे जो बोलतो तो सगळ्यांसमोर बोलतो आणि घाईत बोलतो. पत्राला उत्तर देणारा एकट्या मला लिहितो, रात्री जेवण झाल्यावर, पोरं झोपल्यावर.

यानंतर माझं काम बदललं. धूळवाफेवर मी पत्रात पुन्हा लिहिलं. त्याच विषयावर, ज्याला व्हिडिओत कुणी थांबलं नव्हतं. कुरी आता कुठे बनते, बी सोडायला बायका का मिळत नाहीत, ट्रॅक्टरच्या पेरणीत ओळ कशी पडते. त्या पत्राला आलेल्या उत्तरांतून मला पुढच्या तीन व्हिडिओंचे विषय मिळाले. तेही लाखांत गेले नाहीत. पण आता मी कुणासाठी काढतोय हे मला माहीत होतं. कॅमेरा लावताना मला ठाण्याच्या त्या बाई आठवतात, आणि मग बैलाच्या खुरांचा क्लोजअप जरा जास्त वेळ ठेवतो.

2021 च्या जुलैतल्या पावसाने पत्राची वेगळी परीक्षा घेतली. 2019 च्या ऑगस्टचा महापूर लोक विसरले नव्हते. मुंबईकरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर धरणाबद्दल वाट्टेल ते फिरत होतं. कुठल्यातरी दुसऱ्याच धरणाचा व्हिडिओ चांदोलीचा म्हणून. फोनवर फोन येत होते. मी त्या रात्री ठरल्या दिवसाची वाट न बघता छोटं पत्र काढलं. चांदोली धरणाची क्षमता 34.40 टीएमसी, आज साठा किती, पाटबंधारे खात्याने विसर्ग किती जाहीर केला, कुठला पूल पाण्याखाली, कुठली एसटी बंद. एवढंच. विशेषणं नाहीत, फोटो एक. पाऊस ओसरेपर्यंत रोज संध्याकाळी तसंच पाठवत राहिलो. ते पत्र लोकांनी आपापल्या घरच्या ग्रुपवर टाकलं आणि त्या आठवड्यात यादी जितकी वाढली तितकी कुठल्याच नागाने वाढवली नव्हती.

आता जरा कोरड्या गोष्टी. मराठीत पत्र काढणाऱ्याला एक अडचण आहे जी इंग्रजीवाल्यांना सहसा येत नाही. जीमेल 102 केबीपेक्षा मोठं पत्र मध्येच कापतं आणि खाली बारीक अक्षरात 'पूर्ण पाहा' असं लिहितं. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं तीन. काना-मात्रा वेलांटी वेगळी मोजली जाते. त्यात पत्राच्या सजावटीचा कोड. म्हणजे तेवढ्याच लांबीचं मराठी पत्र लवकर कापलं जातं. माझ्या पत्रात वर्गणीचं आवाहन अगदी तळाशी असायचं. एका वाचकाने भाबडेपणाने विचारलं, "तुम्हाला पैसे द्यायचे असतील तर कुठे?" तेव्हापासून सजावट काढून टाकली आणि आवाहन वर आणलं. दुसरी गोष्ट, पत्र किती जणांनी उघडलं या आकड्यावर फार जाऊ नये. 2021 च्या सप्टेंबरपासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये अशी सोय आली की ती चालू असेल तर न उघडलेलं पत्रही उघडल्यासारखं मोजलं जातं. त्यामुळे मी आलेली उत्तरं मोजतो. आणि 2024 च्या फेब्रुवारीपासून गूगलने मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले: आपण आपणच आहोत हे तांत्रिकरीत्या सिद्ध करा आणि एका टिचकीत नाव काढायची सोय द्या. माझी यादी त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे, पण मी दोन्ही केलं. ज्याला जायचंय त्याला दार उघडं हवं.

पैशाचं बोलतो, कारण ते सगळ्यांना ऐकायचं असतं. केव्हिन केली या अमेरिकी लेखकाचं 2008 सालचं एक गणित या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे: हजार सच्चे चाहते, प्रत्येकाने वर्षाला शंभर डॉलर दिले की कलावंताचं भागतं. शंभर डॉलर म्हणजे आमच्याकडे आठ हजारांच्या वर. गावच्या पत्रासाठी एवढे पैसे कोण देईल, आणि कुणी दिले तर मला रात्रभर झोप लागणार नाही. परदेशात सबस्टॅकसारख्या सेवा 2017 पासून आहेत, त्या वर्गणीतले दहा टक्के घेतात आणि बाकीचं सांभाळतात. इकडे कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेचे कडक नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झाले, त्यामुळे ती वाट अवघड. मी सरळ मासिकांसारखी वार्षिक वर्गणी ठेवली, यूपीआयने, ऐच्छिक. देणारे देतात. त्यात माझा चहा-पेट्रोल आणि पत्र पाठवायचा खर्च निघतो. खरी कमाई आडून येते. मुंबईत राहणाऱ्या मुलीचं लग्न गावी करायचं ठरलं की पहिला फोन मला येतो. एकदा पत्रात एका शेतकऱ्याच्या इंद्रायणी तांदळाबद्दल लिहिलं आणि त्याचा सगळा तांदूळ घरातूनच गेला. त्याचा परिणाम असा की पुढच्या वर्षी माझ्या दारात गूळवाले, मधवाले, प्लॉटवाले. मी नाही म्हणालो. दोघा-तिघांनी अजून बोलणं टाकलेलं आहे.

बोलणं टाकण्याचा मोठा प्रसंग निवडणुकीत आला. 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान होतं. आमच्याकडे मुंबईकर मतदारांसाठी गाड्या लावायची पद्धत जुनी आहे. एका संध्याकाळी एका बाजूचे कार्यकर्ते स्टुडिओत आले. चहा झाला. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडं मुंबईतल्या समद्या मानसांची यादी हाय म्हनं. गावनिहाय." होती. मूळ गावासकट, त्यांनी स्वतः लिहून कळवलेली. मी म्हटलं, ती पत्रासाठी दिलेली आहे, दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. आता 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झालाय. कायद्याचं नाव घेतल्यावर ते हसले. मग दुसऱ्या बाजूचे आले, त्यांनाही तेच सांगितलं. दोन्हीकडून कळलं की मी विरुद्ध बाजूचा आहे. पुढच्या पत्रात मी घडलेलं तसं लिहिलं, नावं न घेता. त्या पत्राला जेवढी उत्तरं आली तेवढी पुराच्या पत्रांनाही आली नव्हती. एका वाचकाने फक्त "बरं झालं सांगितलंत" एवढंच लिहिलं आणि वर्गणी पाठवली.

नागपंचमीवर मात्र अजून अवघड जातं. 2025 साली केंद्र सरकारने शैक्षणिक कारणासाठी, मर्यादित स्वरूपात नाग पकडायला परवानगी दिली, तेव्हा गावात मोठा उत्साह होता आणि बाहेरून टीकाही. मी पत्रात दोन्ही लिहिलं: गावाची नागाशी असलेली सोयरीक खरी आहे, शेतात नाग दिसला तर इथला माणूस त्याला मारत नाही, आणि मडक्यातला नाग मी पाहिलाय, तेही खरं आहे. दोन्हीकडच्या लोकांनी यादीतून नावं काढली. काहींनी जाताना कारण लिहिलं, लांबलचक, चिडून, पण वाचण्यासारखं. एका आजींच्या मुलाने लिहिलं की आईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, त्याला म्हणावं नाग आमचा भाऊ हाय, भावाला कुणी मडक्यात घालतं का. ते मी पुढच्या पत्रात छापलं. त्यावरून आणखी काहीजण गेले.

गावासाठी मी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्राचा वाचून रेकॉर्ड केलेला आवाज टाकतो, कारण गाव तिथे आहे आणि गावाला वाचायचं नाही, ऐकायचं आहे. गोठ्यात धारा काढताना बायका ते ऐकतात. पण ग्रुपवर तासाभरात त्यावर सुप्रभात, वाढदिवस, हरवलेली म्हैस यांचे थर चढतात, आणि दुसऱ्या दिवशी ते शोधून कुणाला सापडत नाही. दोन वस्त्या आहेत माझ्या, एक ऐकणारी आणि एक वाचणारी. त्यांना एकत्र कसं आणायचं हे मला अजून जमलेलं नाही. वाचणाऱ्यांच्या उत्तरातलं काही मी ऐकणाऱ्यांना सांगतो, एवढाच पूल.

फडात नाचणारा तो पोरगा आता लग्नांत माझ्याबरोबर ड्रोन उडवतो. नव्या अ‍ॅपवर त्याचे पुन्हा पुष्कळ फॉलोअर झाले आहेत. मागच्या महिन्यात त्याने स्वतःहून विषय काढला. व्हिडिओखाली तो आता लिंक टाकणार आहे, ऊसतोडीतल्या पोरांबद्दल महिन्याला एक पत्र काढायचं म्हणतो. लिहिता येईल का याची त्याला धास्ती आहे, मी म्हटलं बोल, मी उतरवून देतो. आत्तापर्यंत दहा-बारा पत्ते जमलेत. त्यातले चार त्याच्या मामांचे आहेत आणि एक माझा.